उत्तर छान आहे, पण आलं कुठून?

या मालेत आपण एरवी पुस्तकं वाचायला घेतो. आज मजकूर जरा वेगळा आहे. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड हे एआय सहायक आपल्याला मराठीत जे लिहून देतात, ते आपण लेखनाचा नमुना म्हणून वाचणार आहोत. ते वापरावेत का, हा वाद आता जुना झाला, लोक वापरतातच. आपण कोणत्या कामाला वापरतो, हे मात्र बघायला हवं.

आधी गद्य पाहू. लोणच्याच्या परंपरेवर परिच्छेद मागा. लोणचं 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावतं', ते 'केवळ खाद्यपदार्थ नाही, तर समृद्ध वारसा आहे', आणि शेवटी 'अशा प्रकारे' म्हणून गाठोडं बांधलं जातं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण त्यात कैरी नाही, मीठ नाही, बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा नाही. आता लोणच्याच्या जागी लेझीम घाला, खाद्यपदार्थाच्या जागी खेळ. परिच्छेद तसाच उभा राहतो! आम्ही हीच कसोटी लावतो. नाम बदलूनही वाक्य खरं वाटत असेल, तर ते त्या विषयाचं नव्हतंच.

खरं सांगायचं तर ही शैली यंत्राने शोधलेली नाही. आपल्या स्मरणिका, आपले शालेय निबंध, आपली भाषणं यांत ती आधीपासून नांदतेय. यंत्र लिहून ठेवलेल्या मजकुरावरून शिकतं. त्या मजकुरात मराठीपेक्षा इंग्रजी कितीतरी पट जास्त आहे, म्हणून पुष्कळदा मराठी वाक्याखाली इंग्रजीचा सांगाडा हाताला लागतो.

याहून गंभीर गोष्ट आहे ती सुराची. जाणता माणूस बोलताना आवाज बदलतो. पक्कं ठाऊक असेल तिथे ठासून सांगतो, नसेल तिथे 'बहुधा' म्हणतो, 'बघून सांगतो' म्हणतो. त्या अडखळण्यातूनच आपल्याला कळतं की कुठे तपासायचं. यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढे काय येणं संभवतं, ते पाहत वाक्य रचतं. त्यामुळे ठाऊक असलेलं आणि जुळवलेलं, दोन्ही बरेचदा एकाच सुरात येतं.

न्यूयॉर्कमधला 'माटा विरुद्ध एव्हियान्का' हा खटला आपल्यापैकी काहींना आठवत असेल. विमानात खाण्यापिण्याची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने दावा केला होता. त्याच्या वकिलांनी २०२३ साली कोर्टात जे निवाडे आधार म्हणून दिले, त्यांतले काही अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. आम्हाला यात सगळ्यात बोलकी वाटते ती एक बारीक गोष्ट. वकिलाने यंत्राला विचारलं होतं, की हा निवाडा खरा आहे ना? यंत्र म्हणालं, हो, खरा आहे. साक्षीदार खरं बोलतोय का, हे त्याच साक्षीदाराला विचारण्यातला हा प्रकार.

मराठीत तर जास्तच जपायला हवं. जुन्या नियतकालिकांचं कितीतरी लेखन अजून संगणकावर शोधता येईल अशा रूपात नाही. म्हणजे यंत्राला जिथे कमी ठाऊक, नेमकं तिथेच आपण विचारतो. आणि गंमत अशी की पक्के आधार हाताशी असतात. मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, इंटरनेटवर फुकट शोधता येते. केतकरांचा ज्ञानकोश आहे. १९७६ पासून खंडाखंडाने निघालेला मराठी विश्वकोशही आहे. यंत्राला उत्तर मागण्याऐवजी विचारा, 'हा विषय कोणकोणत्या शब्दांखाली शोधू?' तिथे ते फार उपयोगी पडतं. चुकीचा शब्द दिला तर कोश उघडताच कळतं, नुकसान काही नाही.

मोठा इंग्रजी अहवाल मराठीत समजून घ्यायचाय? खुशाल द्या. पण प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवायला सांगा, आणि ते वाक्य अहवालात स्वतः शोधा. सापडलं नाही तर तो मुद्दा खोडा. मग यंत्राशी हुज्जत घालत बसू नका, ते अगत्याने माफी मागेल आणि नवं वाक्य रचेल.

आता लेखनाकडे येऊ. इथे 'सुधारून दे' हे दोन शब्द आम्हाला सगळ्यात महागात पडणारे वाटतात. आमच्या एका कार्यशाळेत एका ताईंनी आजीच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. त्यांच्या वहीत होतं, 'आजी चुलीपुढे बसून करवादायची.' यंत्राने सुधारून दिलं, 'आजी स्वयंपाक करताना नाराजी व्यक्त करत असे.' ताईंना दुसरं वाक्य आवडलं होतं. 'शुद्ध वाटतं ना,' म्हणाल्या. आपलं वाक्य गावंढळ आणि यंत्राचं बरोबर, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दंडाची बातमी होते, या नुकसानीची होत नाही. करवादणं या शब्दात सूर आहे, वय आहे, धूर आहे. नाराजी तर कुठल्याही कार्यालयात व्यक्त होते.

आम्ही ताईंना तोच मजकूर पुन्हा द्यायला लावला, सूचना मात्र बदलली. 'एकही शब्द बदलू नकोस. या आजीला न ओळखणारा वाचक कुठे थांबून काय विचारेल, तेवढं सांग.' पाच प्रश्न आले. तीन अगदीच सपक होते, आजीचं योगदान वगैरे. चौथा बरा होता. पाचवा होता, 'आजी नेमकी कशावर करवादायची?'

ताई हसल्या. वही ओढून तिथेच लिहायला लागल्या: ओल्या लाकडांवर, दूध उतू गेल्यावर, आणि पानं वाढल्यावर हात धुवायला उठणाऱ्या आजोबांवर.