कबुलीचे काव्य आणि मनोविश्लेषण

स्वतःच्या जीवनातील लज्जास्पद वा असह्य अनुभव कवीने उघडपणे मांडला, की मनोविश्लेषणवादी समीक्षेला आपले क्षेत्र आयतेच सापडल्यासारखे वाटते. रॉबर्ट लोवेल यांच्या ‘लाइफ स्टडीज’चे परीक्षण करताना एम. एल. रोझेन्थाल यांनी १९५९ मध्ये अशा काव्याला कबुलीजबाबाची उपमा दिली. पुढे कबुलीला रुग्णाचे निवेदन मानण्याची प्रथा पडली. सिल्व्हिया प्लाथ यांची १९६२ मधील ‘डॅडी’ ही कविता या प्रथेची मर्यादा स्पष्ट करते.

प्लाथ यांचे वडील ऑटो १९४० मध्ये वारले, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. कवितेतील पितृप्रेम आणि पितृद्वेष पाहून समीक्षक ‘इलेक्ट्रा गंडा’चे निदान करतो. परंतु कवितेतील ‘मी’ हा गंड असलेली मुलगी आहे, असे प्लाथ यांनीच बी.बी.सी.साठी लिहिलेल्या टिपणात म्हटले होते. शोक आणि विषण्णता यांवरील फ्रॉइडचा निबंध वाचल्याची त्यांच्या दैनंदिनीत १९५८ ची नोंद आहे. म्हणजे समीक्षक जे नेणिवेतून उकरून काढतो, ते कवयित्रीने जाणीवपूर्वक योजलेले असते.

शिवाय हा ‘मी’ म्हणजे प्लाथ नव्हेत. कवितेतील पिता नाझी आहे. ऑटो प्लाथ हे नाझी पक्षाच्या जन्मापूर्वीच जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले, बॉस्टन विद्यापीठात शिकविणारे कीटकशास्त्रज्ञ होते. कवितेला बालगीताची लय आहे आणि एकच ‘ऊ’कार तिच्यात आरंभापासून अखेरपर्यंत घुमत राहतो. रुग्णही तेच ते पुन्हा करतो. पण त्याचे आवर्तन त्याला आवरत नाही. येथे आवर्तनाला पाच-पाच ओळींच्या कडव्यांचे माप आहे.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. ज्यूंच्या संहाराची प्रतिमा खासगी दुःखासाठी वापरण्याचा अधिकार कवीला आहे काय, असा आक्षेप या कवितेवर घेतला गेला. कविता हे रोगलक्षण मानले, तर हा प्रश्नच उरत नाही. लक्षणाला दोष देता येत नाही, तसे श्रेयही देता येत नाही. ती कृती मानली, तरच कवयित्री आपल्या शब्दांना उत्तरदायी ठरते. निदान करणारी समीक्षा सहानुभूतीच्या भरात कवीचे हे उत्तरदायित्व काढून घेते आणि त्याबरोबर त्याचे कवित्वही.

मनोविश्लेषणाला येथे स्थान नाही, असे नव्हे. कल्पनाविलासाची लाज घाटाच्या सौंदर्यामुळे वाचकाला सुसह्य होते, हे फ्रॉइडनेच १९०८ मध्ये सुचविले होते. कवीच्या आजाराकडून कवितेच्या घाटाकडे वळणारी वाट त्याच्याच विचारात आहे.