चालू शोध-सर्व्हरवरील नियमबदल आणि मराठी संग्रह : एक परीक्षण

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, खापरखेडा हे गाव आहे. औष्णिक वीजकेंद्रामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, अशी या केंद्राची एकूण क्षमता १,३४० मेगावॅट आहे. अशा केंद्रात चालू संचावर काय करता येते आणि काय करता येत नाही, याविषयी काम करणाऱ्यांच्या मनात संदेह नसतो. भार कमी-अधिक करता येतो. कोळसा दळणाऱ्या अनेक मिलपैकी एखादी दुरुस्तीस काढून उरलेल्यांवर संच चालविता येतो. बॉयलरची नळी बदलावयाची असेल तर मात्र संच बंद करावा लागतो. बंद न करता हे काम करू पाहणाऱ्यास यंत्र स्वतःच अडवते.

शोध-सर्व्हरची गोष्ट नेमकी येथेच वेगळी पडते. चालू असताना ज्याला हात लावू नये अशा भागालाही तेथे हात लावता येतो. सर्व्हर थांबत नाही, तक्रार करीत नाही आणि पुढेही उत्तरे देत राहतो. ती उत्तरे चुकीची असतात, इतकेच. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे त्याच्या मांडणीच्या नियमांत, काम न थांबविता बदल करण्याची सोय अलीकडे मोठा गुण म्हणून वाखाणली जाते. मराठी ग्रंथसंग्रहांच्या दृष्टीने या गुणाचे परीक्षण होणे अगत्याचे आहे. कारण ज्या नियमांत मराठीला वारंवार बदल करावा लागतो, ते बहुतेक बॉयलरच्या नळीच्या जातीचे आहेत.

शोध-सर्व्हर मूळ मजकूर चाळून उत्तर देत नाही. मजकूर भरताना तो ग्रंथाच्या शेवटी असते तशी एक शब्दसूची तयार करतो आणि पुढे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर या सूचीतून काढतो. डग कटिंग यांनी १९९९ साली सिद्ध केलेली ‘ल्यूसीन’ ही प्रणाली हेच काम करते. ‘सोलर’ आणि २०१० साली शे बॅनन यांनी पुढे आणलेला ‘इलॅस्टिकसर्च’ हे दोन्ही सर्व्हर तिच्याच पायावर उभे आहेत. सूचीत शब्द कोणत्या रूपाने नोंदावा, हे ठरविणाऱ्या नियमसमूहाला विश्लेषक म्हणतात. विश्लेषक दोनदा चालतो : मजकूर भरताना एकदा आणि प्रश्न विचारताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळा एकच नियम लागले तरच प्रश्नातील शब्द आणि सूचीतील शब्द यांची गाठ पडते. प्रस्तुत विवेचनाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

उदाहरणादाखल खापरखेडा हेच नाव घ्यावे. कोणताही विशेष नियम नसलेल्या सर्व्हरला ‘खापरखेडा’ विचारले, तर ‘खापरखेड्यात’, ‘खापरखेड्याचे’, ‘खापरखेड्याहून’ यांपैकी एकही उल्लेख हाती येणार नाही. सामान्यरूपाने शब्दाचे अंगच बदलले आहे. हिंदी मजकुरात याच नावातील ‘ड’खाली नुक्ता येतो. नुक्त्याचा ‘ड़’ एका संकेताने लिहिता येतो, तसा ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्व्हरला दिसतो. वीजकेंद्राच्या इंग्रजी नावात दुसऱ्या अक्षराला ‘ए’ची जोड असल्यामुळे इंग्रजीवरून नागरीत उतरविणारा ‘खापेरखेडा’ लिहिण्याचा संभव आहे. आणि जुन्या मराठी ग्रंथांत सप्तमीचे रूप ‘खापरखेड्यांत’ असे, अनुस्वारासह, लिहिण्याची रीत होती.

हा अनुस्वार क्षुल्लक नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले; नांव, गांव, पांच, कांहीं ही रूपे जाऊन नाव, गाव, पाच, काही ही रूपे आली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० ते १९२९ या काळात २३ विभागांत निघाला, तो अर्थातच जुन्या लेखनाचा. हा ज्ञानकोश आणि आजचे वृत्तपत्र एकाच संग्रहात भरले, तर ‘घरांत’ या रूपाचे दोन अर्थ होतात. ज्ञानकोशात त्याचा अर्थ एका घरामध्ये; वृत्तपत्रात अनेक घरांमध्ये. तेव्हा अनुस्वार सरसकट पुसावा असे म्हणून भागत नाही. जुन्या मजकुराला एक नियम आणि नव्याला दुसरा, अशी योजना करावी लागते. अशी योजना पहिल्याच प्रयत्नात निर्दोष साधणे कठीण असल्याने बदल करण्याची वेळ पुनःपुन्हा येते.

तयार मिळणारे नियम उचलले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी एक सामान्यीकरणाचा नियम आहे. तो नुक्ता पुसतो, दीर्घ ईकार-ऊकाराची चिन्हे ऱ्हस्व करतो, ‘बॅ’मधील चंद्राकृती मात्रेची साधी मात्रा करतो, हलन्ताचे चिन्ह काढतो. लेखनातील शिथिलता सांभाळून घेण्यासाठी केलेली ही तडजोड हिंदीत चालून जात असेल. मराठीत तिने दिन आणि दीन, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी एकाच ठिकाणी येतात. बॅट शोधणाऱ्याला बेट मिळते. ‘ऱ’चा ‘र’ होत असल्यामुळे ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील अंतरही मिटते आणि गुरुजी स्वयंपाकघरात जाऊन बसतात. हा दोष ध्यानात आला की नियम बदलावा असे कोणासही वाटेल. प्रश्न तो कसा बदलावा हा आहे.

या ठिकाणी दोन्ही सर्व्हरांची वागणूक तपासली पाहिजे. सोलरमध्ये नियमांची संचिका बदलून ‘रीलोड’ची आज्ञा दिली की नवे नियम अमलात येतात. नवी मांडणी सिद्ध होईपर्यंत जुनी उत्तरे देत राहते. नव्या मांडणीत रचनेचा दोष निघाला तर जुनीच चालू राहते. सेवा खंडित होत नाही, हे कौतुकास्पदच आहे. परंतु सूची जुन्या नियमांनीच बनलेली राहते. समजा, अनुच्चारित अनुस्वार काढण्याचा नियम आज लावला. आता वाचकाने ‘खापरखेड्यांत’ विचारले तर त्याचे ‘खापरखेड्यात’ होते आणि ते रूप सूचीत शोधले जाते. जुन्या ग्रंथाची नोंद मात्र अनुस्वारासह पडून आहे. म्हणजे जो उल्लेख काल जुन्या लेखनाने विचारल्यावर सापडत होता, तो आज कोणत्याही लेखनाने सापडत नाही. जुने लेखन हाती लागावे म्हणून केलेल्या सुधारणेनेच ते दिसेनासे झाले. सोलरच्या मार्गदर्शिकेत पुन्हा सूची करण्याची सूचना आहे, हे खरे; पण सर्व्हर स्वतः चकार शब्द काढीत नाही.

इलॅस्टिकसर्चचे धोरण अधिक कडक आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे. त्याने नियमांचे चल आणि अचल असे दोन वर्ग केले आहेत. सूचीच्या प्रती किती ठेवाव्यात, नव्या नोंदी किती वेळाने शोधात याव्यात, या गोष्टी चालू अवस्थेत बदलतात. मूळ सूचीचे भाग किती असावेत, हे ती निर्माण झाल्यावर जागच्या जागी बदलता येत नाही. अस्तित्वात असलेल्या क्षेत्राला भरतीच्या वेळचा वेगळा विश्लेषक लावू गेल्यास सर्व्हर स्पष्ट नकार देतो. तथापि एक फट त्यानेही उघडी ठेवली आहे. सूची तात्पुरती मिटून, त्याच नावाच्या विश्लेषकाची व्याख्या बदलून, ती पुन्हा उघडता येते. तसे केल्यास परिणाम सोलरसारखाच होतो. मध्यंतरी सेवा बंद राहते, एवढीच भर.

पर्यायशब्दांची सोय या दृष्टीने विशेष बोलकी आहे. खापरखेडा आणि खापेरखेडा, वीजकेंद्र आणि विद्युत केंद्र अशी समानार्थी नोंद संचिकेत करून ती चालू सर्व्हरवर नव्याने वाचविण्याची व्यवस्था इलॅस्टिकसर्चमध्ये २०१९ पासून आहे. पण ही मुभा केवळ प्रश्नाच्या वेळच्या विश्लेषकाला आहे. तोच विश्लेषक मजकूर भरताना वापरू गेल्यास तो नाकारला जातो. वाचण्याचे नियम वाटेल तेव्हा बदला, नोंदण्याचे बदलू नका, हा भेद येथे खुद्द यंत्रात बसविलेला आहे. अर्थात हीही सोय डोळे मिटून वापरण्याजोगी नाही. सर्व्हर तीन यंत्रांवर वाटलेला असून नवी संचिका दोनच यंत्रांवर पोहोचली, तर एकाच प्रश्नाला कधी एक तर कधी दुसरे उत्तर मिळते. मागील उत्तरांचा साठा पुसला नाही तर नियम बदलूनही जुनेच उत्तर पुढे येते.

पर्यायशब्दांनी सारे भागेल, असे मात्र नाही. एका गावाची रूपे हाताने लिहिता येतील. जिल्ह्यातील सर्व गावांची सर्व विभक्तिरूपे लिहू म्हणणारा लवकरच थकेल. सामान्यरूप ओळखणे, अनुस्वाराचा निवाडा करणे, ‘ॲ’चे दोन अवतार जुळविणे ही कामे नोंदीच्या वेळीच होणे इष्ट. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला, त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’पुढे चंद्र जोडलेला आढळतो. दिसण्यात दोन्ही सारखे असले तरी युनिकोडच्या नियमांनुसार ते परस्परतुल्य धरले जात नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. काही काळ थोडे उल्लेख निसटले तर बिघडले काय? दुकानाच्या सूचीत एखादी वस्तू न दिसल्यास ग्राहक दुसरी घेतो. अभ्यासकाची स्थिती निराळी आहे. ‘अमुक शब्द या ग्रंथात नाही’ हे त्याच्या दृष्टीने एक विधान असते. त्यावरून तो शब्दाचा काळ ठरवितो, गावाच्या प्रसिद्धीचा आरंभ ठरवितो, एका ग्रंथकाराला दुसऱ्याचा परिचय नव्हता असेही ठरवितो. सर्व्हरचे ‘शून्य निष्कर्ष’ हे उत्तर त्याच्या प्रबंधात पुरावा होऊन बसते. ते उत्तर ग्रंथाने दिले की अर्धवट बदललेल्या नियमांनी, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. शोधाच्या पानावर सूची केव्हा आणि कोणत्या नियमांनी केली याची एक ओळ छापणे मुळीच कठीण नाही. संग्रहांचे चालक तेवढेही मनावर घेत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

निर्दोष रीत उपलब्ध नाही असेही नव्हे. जुन्या सूचीला हात न लावता नव्या नियमांनी दुसरी सूची शेजारी उभी करावी, मधल्या काळात आलेला मजकूर दोन्हींत भरावा, तपासणी करावी आणि मग वाचक ज्या टोपणनावाने सूचीला विचारतो ते नाव एका आज्ञेसरशी नव्या सूचीकडे वळवावे. दोन्ही सर्व्हरांत ही सोय आहे. तिला जागा दुप्पट लागते आणि वेळ जातो. कोट्यवधी नोंदींच्या व्यापारी संग्रहांना हा खर्च खरोखर जाचतो. मराठीच्या ग्रंथसंग्रहांनी मात्र ही सबब पुढे करू नये. २३ विभागांच्या ज्ञानकोशाचा मजकूर आजच्या साध्या यंत्रालाही किरकोळ आहे.

अडचण उद्भवते ती निराळ्याच ठिकाणी. नवी सूची करावयाची तर मूळ मजकूर जसाच्या तसा हाताशी पाहिजे. इलॅस्टिकसर्च तो एरवी आपणहून जपतो. सोलरमध्ये क्षेत्र साठवावयाचे की नाही हे आधी ठरवावे लागते आणि जागा वाचविण्यासाठी ते टाळलेले असू शकते. त्याहून वाईट स्थिती जुना ग्रंथ भरतानाच लेखन ‘शुद्ध’ करून टाकणाऱ्या संग्रहाची. टंकलेखकाने ‘खापरखेड्यांत’ पाहून ‘खापरखेड्यात’ टाईप केले असेल, तर त्या ग्रंथाचे लेखन पुन्हा मिळविण्यासाठी छापील प्रतच उघडावी लागेल.