मॅकअफी यांचा ‘एंटरप्राइझ २.०’ : एक चिकित्सक वाचन

ॲण्ड्र्यू मॅकअफी यांचा ‘एंटरप्राइझ २.०’ हा लेख २००६ साली ‘एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विकी, ब्लॉग, टॅग यांसारखी साधने कंपनीच्या आत वापरण्याच्या चर्चेला या लेखाने एक नाव मिळवून दिले. आज स्लॅक किंवा टीम्सविषयी जे युक्तिवाद केले जातात, त्यांतील बरेचसे या लेखात आधीच सापडतात. म्हणून तो मुळातून वाचावा. वाचताना त्यातील एक गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागते. या टिपणाचा रोख त्यावरच आहे.

मॅकअफी कंपनीतील संवादाच्या तंत्रज्ञानाचे दोन भाग करतात. ई-मेलसारख्या वाहिन्यांवर कोणीही लिहू शकतो, पण ते ज्याला पाठवले त्यालाच दिसते. इंट्रानेटसारखे मंच सर्वांना दिसतात, पण त्यांवर लिहिणारे मोजके. परिणामी कोणता निर्णय कोणी, कशाच्या आधारे घेतला याची खूण कुठेच उरत नाही. नवी साधने सर्वांना लिहू देतात आणि लिहिलेले सर्वांना दिसते. शोध, दुवे, लेखन, टॅग, विस्तार आणि संकेत अशी सहा वैशिष्ट्ये ते सांगतात. रचना वरून लादू नये, ती वापरातून घडू द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. उदाहरण ड्रेस्डनर क्लाइनवॉर्ट वासरस्टाइन या गुंतवणूक बँकेचे.

निदान अचूक आहे. चालू प्रकल्पात मध्येच रुजू झालेल्या कोणालाही ते पटेल. प्रकल्पाचा निम्मा इतिहास सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये गेलेला असतो.

प्रश्न उपचाराचा आहे. लोक लिहीत नाहीत, कारण साधन अवघड आणि बंदिस्त आहे. साधन सोपे व मोकळे केले की ते लिहू लागतील, असे लेखाचे गृहीतक. कामात बुडालेले लोक ही साधने वापरणारच नाहीत, हा धोका मॅकअफी स्वतः नोंदवतात आणि व्यवस्थापकांचे पाठबळ हवे असेही सांगतात. पण त्यांच्या मांडणीत हा वाटेतला अडथळा आहे. माझ्या मते तोच मुख्य विषय आहे, आणि हे दाखवणारा अभ्यास त्यांच्या लेखाच्या १४ वर्षे आधी झालेला होता.

वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ साली एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीला त्यांनी ‘अल्फा’ हे टोपणनाव दिले आहे. कंपनीने ‘लोटस नोट्स’ हे सामूहिक कामाचे सॉफ्टवेअर झपाट्याने बसवले. उद्देश असा, की एका कार्यालयातील सल्लागाराचे ज्ञान दुसऱ्या कार्यालयाला मिळावे. प्रत्यक्षात बहुतेक सल्लागारांनी ते आपापल्या वैयक्तिक कामापुरते वापरले. एक कारण ओळखीचे होते. प्रशिक्षण तुटपुंजे होते, त्यामुळे हे नेमके काय आहे हे न कळून लोकांनी त्याला जुन्या ई-मेलच्या किंवा स्प्रेडशीटच्या साच्यात बसवले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. अल्फात सल्लागाराचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लिहावा लागे. नोट्स शिकण्याचा किंवा त्यात माहिती भरण्याचा तास कोणाच्या खात्यावर टाकणार? तो तास वाया गेला असेच मानले जाई. शिवाय बढती मिळवा नाहीतर बाहेर पडा, हा तिथला नियम. बरोबरीच्या सहकाऱ्याहून आपल्याला जे जास्त येते त्यावर बढती अवलंबून असेल, तर ते सर्वांसमोर मांडून ठेवणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो. भागीदार होऊन ज्यांची नोकरी पक्की झाली होती त्या वरच्या पायरीवर मात्र देवाणघेवाण चालत होती. साधन तेच, कंपनीही तीच. फरक होता तो गमावण्यासारखे काय आहे याचा.

मग लिहिणाऱ्याला मोबदला द्यावा काय? हा प्रयोग इन्फोसिसने केला. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ज्ञान-व्यवस्थापन पोर्टलवर लेख देणाऱ्याला व तपासणाऱ्याला ‘नॉलेज करन्सी युनिट’ मिळू लागले आणि ते भेटवस्तूंसाठी वटवता येत. गरुड आणि कुमारस्वामी यांनी २००५ साली याचे विश्लेषण केले. लेखांचा पूर आला, तपासणारे थकले, चांगले शोधणे अवघड झाले आणि पूर्वी सहज होणाऱ्या मदतीतही हिशेब शिरला. कंपनीला योजना बदलावी लागली. अल्फात लिहिण्याची किंमत मोजावी लागत होती. इथे नुसत्या लिहिण्यालाच किंमत आली.

झेरॉक्सच्या ‘युरेका’चे उदाहरण वेगळे आहे. कॉपीयंत्र दुरुस्त करणारे तंत्रज्ञ एकमेकांना किस्से सांगत शिकतात, हे ज्युलियन ऑर यांनी त्यांच्यात वावरून टिपले होते. युरेकात तंत्रज्ञ आपली युक्ती लिहून देई, इतर तंत्रज्ञ ती तपासत आणि ती लेखकाच्या नावासह सर्वांना मिळे. आधी देवाणघेवाण अस्तित्वात होती, साधन नंतर आले. मॅकअफी ज्याला वापरातून घडणारी रचना म्हणतात, ती इथे सॉफ्टवेअरच्या आधीच घडलेली होती!

लेखाची आणखी एक उणीव भारतीय वाचकाला चटकन जाणवावी. सर्वांना दिसणारा मंच अज्ञानही सर्वांना दाखवतो. नव्या कर्मचाऱ्याने तिथे विचारलेला प्रश्न त्याच्या वरिष्ठाला दिसतो, आणि तो बहुधा इंग्रजीत विचारावा लागतो. म्हणून खरा प्रश्न अनेकदा व्हॉट्सॲपवरच्या लहानशा गटात, मिश्र हिंदी-मराठीत किंवा तमिळमध्ये विचारला जातो. म्हणजे मॅकअफींच्या भाषेत पुन्हा वाहिनीवरच. याला बदलाला विरोध म्हणणे सोपे आहे. विचारणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो शहाणपणा आहे.

इंटर्नशिपच्या प्रकल्प-अहवालात ‘साधनाचा स्वीकार’ मोजायला सांगतात, तेव्हा विद्यार्थी लॉगिन आणि संदेशांची संख्या देऊन मोकळे होतात. त्या संख्येबरोबर कंपनीचा टाइमशीटचा नमुना आणि वार्षिक मूल्यमापनाचा अर्जही मागून पाहा. सहकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलेला अर्धा तास टाइमशीटच्या कोणत्या रकान्यात बसतो, आणि बसत नसेल तर तो कोणाच्या वेळेतून जातो, हे आधी शोधा.