बीप, आप्तवाक्य आणि बंद करायचं बटण

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाण पाहिलं. शेवटी एक प्रश्न आला होता, की यंत्र आपल्याला काही सांगतं त्याला शब्दप्रमाण म्हणायचं का? त्याचं उत्तर आज एका अगदी रोजच्या गोष्टीतून शोधू. मोटारीतल्या बीपमधून.

युरोपीय संघाने 2019 साली वाहनसुरक्षेचा एक नियम केला, क्रमांक 2019/2144. त्यानुसार 7 जुलै 2024 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा असावीच लागते. कॅमेरा रस्त्याकडेची पाटी वाचतो, जोडीला नकाशातली माहिती असते, आणि तुम्ही मर्यादा ओलांडली की बीप वाजतो किंवा पायाखालचं पेडल थरथरतं. ही यंत्रणा चालकाला बंद करता येते. तशी सोय नियमातच आहे. पण गाडी थांबवून पुन्हा सुरू केली की यंत्रणाही पुन्हा सुरू. काल तुम्ही काय ठरवलंत ते गाडीने विसरलंच पाहिजे, असा कायदा आहे. मग लोक काय करतात? गाडी काढण्याआधी रोज स्क्रीनवरच्या मेनूत शिरून एकेक इशारा बंद करतात. रेनो आणि डाचिया यांनी तर त्यासाठी बटणच दिलं: आपली पसंती एकदा नोंदवून ठेवा, मग दोनदा दाबा, झालं. कायद्याने दार लावायचं आणि कारखान्याने त्याला फट ठेवायची!

यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणते, सरकार आम्हाला कुक्कुल्या बाळासारखं वागवतं. दुसरी म्हणते, अहो, जीव वाचतात, थोडी कटकट सोसा. मला दोन्ही उथळ वाटतात. कारण तो बीप खरं बोलतो का, हे दोघंही विचारत नाहीत.

आता न्यायशास्त्राकडे या. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. इशारा हाही हेतूच आहे. बीप वाजला, म्हणून काहीतरी चुकतंय असं चालकाने समजावं. पण समजा फ्रान्सच्या महामार्गावर 130 ची मर्यादा आहे, तुम्ही 125 ने सरळ चालला आहात, आणि कॅमेऱ्याने बाहेर पडणाऱ्या रस्त्यासाठी लावलेली 70 ची पाटी वाचली. बीप सुरू. किंवा रस्त्याचं काम संपलं, पाटी काढायची राहिली. बीप सुरू. साध्य नाही तिथेही जो हेतू आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, आणि हेत्वाभासांच्या यादीत तो पहिला आहे. अग्नीवाचून धूर दहादा पाहिलेला माणूस अकराव्यांदा धुराकडे बघत नाही, याला बेपर्वाई म्हणत नाहीत. ते अनुमानच आहे, आणि चांगलं अनुमान आहे.

दुसरी बाजू आप्तत्वाची. आप्त कोण? ज्याला वस्तुस्थिती प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. यंत्राला फसवायचं नसतं, हे मान्य. पण त्याला ठाऊक काय असतं? पाटीवरचा आकडा. ती पाटी कोणासाठी आहे, हे ठाऊक नसतं. आणि आप्ताकडून आपण आणखी एक अपेक्षा ठेवतो, गप्प कधी बसावं हेही त्याला कळावं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 च्या वर थांबून थांबून आणि 120 च्या वर सतत बीप वाजतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची परवानगी आहे. तिथे 100 ने जाताना वाजणारा बीप खोटा नाही. वेग 80 च्या वर आहेच. पण ऐकणाऱ्याने त्याचं करायचं काय? खरं, पण निरुपयोगी. घरातल्या म्हाताऱ्यांच्या सूचनांचं असंच होतं. मी त्या वयाचा आहे, म्हणून हक्काने बोलतो.

म्हणजे इशारे बंद करणारे सगळे शहाणे, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. सीटबेल्टचा बीप घ्या. पट्टा लावलेला नाही, तो वाजतो. लावला, तो थांबतो. इथे व्यभिचार जवळजवळ नाहीच. तरी आपल्याकडे लोक नुसतं बक्कल विकत घेऊन खाचेत अडकवत होते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला, पट्ट्याची चर्चा देशभर झाली, आणि मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ही बक्कलं विक्रीतून काढण्याचा आदेश द्यावा लागला. चुकीची पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याला गप्प करणारा माणूस बिनभरवशाचा साक्षीदार नाकारतो. बक्कल अडकवणारा खऱ्या साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला लावतो. बीप दोन्हीकडे थांबतो, म्हणून कृती एकच ठरत नाही.

फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर (आपल्या लातूरशी संबंध नाही) यांचा 1992 चा निबंध इथे हमखास दाखवला जातो. समाजातली नीती फक्त माणसांत शोधू नका, बरीचशी आपण वस्तूंवर सोपवली आहे, हे त्यातलं म्हणणं, आणि पट्ट्यासाठी ओरडणारी मोटार हे उदाहरण. निबंध सुरेख आहे. पण उदाहरण पट्ट्याचं निवडल्यामुळे वस्तूचं म्हणणं खरं असतं हे आपोआप गृहीत धरलं गेलं. सोपवलेली वस्तूच चुकत असेल तर? अमेरिकेत 1974 च्या मोटारी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या सीटवर वाणसामानाची पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजे. लोक इतके चिडले, की त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून ती सक्ती काढली, आणि 8 सेकंदांहून जास्त वाजणाऱ्या बझरची सक्ती करायलाही मनाई केली. पिशवीच्या पायी पट्ट्याची खरी आठवणही गेली.

युरोपात आज तीच भीती आहे. वेगाच्या खोट्या बीपला कंटाळून माणूस पसंती नोंदवतो, आणि त्या दोन दाबांत लेन सोडल्याचा इशाराही जातो, जो रात्री डुलकी लागल्यावर त्याला वाचवू शकला असता. गंमत म्हणजे नियम करणाऱ्यांना हे सुचलेलं होतं. आपत्कालीन ब्रेक आणि लेन राखणाऱ्या यंत्रणेबद्दल त्याच नियमात म्हटलंय, की त्या एका वेळी एकच आणि काही पायऱ्यांनी बंद करता याव्यात. पण नुसता आवाज मात्र सहज बंद करता यावा, आणि त्यामुळे यंत्रणेचं काम थांबू नये. मला हे त्या नियमातलं सर्वांत शहाणं कलम वाटतं.

नाही ते एवढंच: ‘इथे तू चुकतोस’ असं म्हणण्याची सोय. चालकाने एकतर ऐकायचं, नाहीतर तोंड बंद करायचं. उलटतपासणी नाही. रोज त्याच वळणावर तीच पाटी चुकीची वाचली जाते, रोज चालक ती खोडून काढतो, आणि दुसऱ्या दिवशी साक्षीदार तीच साक्ष घेऊन हजर. आता चालकाचं लक्ष रस्त्यावरून ढळलं की इशारा देणारी यंत्रणाही सक्तीची होते आहे. 2024 पासून नव्या मॉडेलांना, जुलै 2026 पासून सर्व नव्या मोटारींना. म्हणजे चालत्या गाडीत एक बीप बंद करायला तुम्ही मेनूकडे बघत राहिलात, की बघता म्हणून दुसरा बीप!

प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.