आईचं चुकलं की जीन्सचं?

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतली मुलं आपल्याबद्दलच बोलतायत, असं तो सांगायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि घरात खटला सुरू झाला. कुणी म्हणालं, मामीनं मार्कांसाठी पोराला पिळून काढलं. कुणी म्हणालं, तिच्या माहेरीच ‘ते’ आहे. आरोपी दोन्हीकडून मामीच.

रॉबर्ट कोल्करचं ‘हिडन व्हॅली रोड’ (२०२०) मी या खटल्याचा निकाल शोधत वाचायला घेतलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं गॅल्विन कुटुंब, डॉन आणि मिमीची १२ मुलं. त्यांतल्या १० मुलग्यांपैकी ६ जणांना स्किझोफ्रेनिया झाला. मिमीवरही खटला चाललाच. ‘मुलाला स्किझोफ्रेनिक बनवणारी आई’ ही कल्पना तेव्हा अमेरिकी मनोविश्लेषणात जोरात होती. कोल्कर मिमीची वकिली करत नाही. घरातली मारामारी, लैंगिक अत्याचार, सगळं आलबेल असल्याचा देखावा, काहीच लपवत नाही. पण त्याच घरात वाढलेली बाकीची ६ भावंडं या आजारातून सुटली, हेही तो विसरू देत नाही. पुस्तकाचं मोठेपण मला इथं दिसतं.

माझी तक्रार बांधणीबद्दल आहे. काही प्रकरणं घराची, मधेमधे काही संशोधनाची. त्यामुळे पुस्तक थ्रिलरसारखं पळतं, पण ताण घरात राहतो आणि जीवशास्त्र प्रयोगशाळेत. आपण जीनची वाट खुन्याच्या नावासारखी पाहू लागतो. शेवटाकडे ‘शँक-२’ या जीनमधला बदल सापडतोही. पण आजार अशी वेगवेगळी प्रकरणं पाडून येत नाही.

१९७७ साली झुबिन आणि स्प्रिंग या संशोधकांनी मांडलेलं सूत्र साधं आहे: प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. अंगातला धोका जितका जास्त, तितका कमी ताण आजाराला पुरतो. म्हणूनच एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. ताणामुळे कॉर्टिसॉल वाढतं, मेंदूतल्या डोपामिनवरही परिणाम होतो. ‘हे महत्त्वाचं आहे, लक्ष दे’ असा शिक्का मारण्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. तो शिक्का भलत्या गोष्टींवर पडू लागला, की भिंतीपलीकडचं हसणंही आपल्यालाच उद्देशून वाटतं.

मला हे ओळखीचं वाटलं. कोडमधली चूक वर्षभर गप्प असते आणि सेलच्या दिवशी ट्रॅफिक वाढला की सर्व्हर झोपतो. चुकीमुळे की ट्रॅफिकमुळे? ऑफिसच्या रिपोर्टमध्ये आम्ही दोन्ही कारणं लिहितो.

पण ही उपमा एका जागी तोकडी पडते. ट्रॅफिक बाहेरून येतो. भावाचे मार्क आवाज ऐकू येण्याच्या आधीच घसरले होते, मित्रही तुटले होते. आम्ही त्यालाच ताणाचं कारण मानलं. पण या आजारात असं मागे पडणं बऱ्याचदा आवाजांच्या आधीच सुरू होतं. म्हणजे मामी ज्या मार्कांवरून ओरडत होती, ते घसरणं कदाचित आजाराचंच होतं. आजारातून ताण, ताणातून आणखी आजार. कोल्करकडे या फेऱ्याचे सगळे तुकडे आहेत. ते एकाच पानावर आले असते, तर मिमीकडे पाहण्याची आपली नजर आणखी बदलली असती.

तरी पुस्तक वाचाच, विशेषतः घरात असा खटला चालू असेल तर. जीन्स आपण बदलू शकत नाही, ताण थोडाफार बदलू शकतो. घरातली टीका आणि चिडचिड कमी झाली, की आजार उलटण्याचं प्रमाणही कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

गेल्या दिवाळीत मामीनं विचारलं, “खरं सांग, माझंच चुकलं का रे?” मी म्हणालो, “नाही गं मामी. पण आता त्याच्या नोकरीचं रोज विचारू नकोस.” तिनं मान हलवली आणि त्याच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून उठली.