बापाचे ऋण आणि येलेना डोकिच

खेळाडूंच्या चरित्रकथांत बापाचे एक ठरलेले रूप असते. तो पहाटे उठवतो, लाड बंद करतो, प्रसंगी हात उगारतो. आणि पदक मिळाले की या सगळ्याला शिस्त हे नाव मिळते. 'दंगल' (२०१६) पाहताना आपण हा हिशेब डोळे पुसत मान्य केला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेले टेनिसपटू येलेना डोकिचचे 'अनब्रेकेबल' हे आत्मकथन मी त्या हिशेबाचा ताळा म्हणून वाचतो.

येलेनाचा जन्म १९८३चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला. युद्धामुळे परागंदा झालेले कुटुंब १९९४मध्ये ऑस्ट्रेलियात आले. १९९९च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीतून आलेल्या या मुलीने अव्वल मानांकित मार्टिना हिंगिसला ६-२, ६-० असे हरवले. जगाने पाहिले ते एवढेच. घरात पट्ट्याचा मार होता.

पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग २०००च्या विम्बल्डनचा आहे. सतरा वर्षांची येलेना उपांत्य फेरीत लिंडसे डेव्हनपोर्टकडून हरली. बापाने तिला हॉटेलवर परत येऊ दिले नाही. खेळाडूंच्या विश्रामकक्षात ती रात्री लपून बसली आणि कर्मचाऱ्यांना सापडली. जगातल्या पहिल्या चौघींत पोहोचलेल्या मुलीला त्या रात्री टेकायला जागा नव्हती.

त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये बाप दामीर याने माशाच्या किमतीवरून गोंधळ घातला, त्याला बाहेर काढण्यात आले. वृत्तपत्रांनी त्याला विदूषक ठरवले. चारचौघांत असा वागणारा माणूस बंद दाराआड कसा वागत असेल, हा प्रश्न फारच थोड्यांना पडला.

२००२च्या ऑगस्टमध्ये येलेना जागतिक क्रमवारीत चौथी होती. त्याच वर्षी तिने घर सोडले. मागे राहिलेल्या धाकट्या भावाबद्दलची अपराधी भावना या कथनात सतत ठसठसते. पुढे तिचा खेळ ढासळला, नैराश्याने घेरले. 'बघा, बापाचा धाक सुटला आणि घसरली,' असे म्हणणाऱ्यांची सोय इथे आयतीच होते. पुस्तकाची खरी कसोटी याच ठिकाणी आहे.

पुस्तक उत्तर देते ते २००९च्या ऑस्ट्रेलियन ओपनचे: क्रमवारीत १८७वी असलेली येलेना उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. हा भाग वाचताना आनंद होतो, पण माझा आक्षेपही इथेच आहे. घर सोडणे योग्य होते हे विजयाने सिद्ध करावे लागत असेल, तर बापाचाच हिशेब उलट्या बाजूने मांडल्यासारखे होते. ती पहिल्या फेरीत हरली असती, तरी तिचे जाणे तितकेच रास्त होते. आईच्या मौनाचाही शोध आणखी खोल जायला हवा होता. मारणाऱ्याइतकेच पाहणाऱ्यानेही घर घडते.

तरीही हे पुस्तक महत्त्वाचे आहे, कारण त्यात शेवटचे गळाभेटीचे दृश्य नाही. दामीर २०२५मध्ये वारला. दुरावा मिटला नाही. आपल्याकडे मातापित्यांचे ऋण फेडण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लेकराचे काही देणे आईबापांकडे थकते, आणि ते बुडीत खात्यात गेले तरी जगता येते, हे मात्र क्वचितच कोणी लिहिते. येलेनाने ते लिहिले.