होय की नाही? : सरकारी पडद्याच्या मराठीची एक चिकित्सा

मराठी समीक्षेने कवितेची भाषा तपासली, कादंबरीची तपासली, तमाशा-कीर्तनाची आणि अलीकडे जाहिरातींचीही तपासली. मात्र ज्या मराठी वाक्याचा अर्थ चुकीचा लागला तर घरात येणारे महिन्याचे पैसे थांबू शकतात, ते वाक्य समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. ते वाक्य सरकारी अर्जातले असते आणि आता मोबाइलच्या पडद्यावर असते. त्याला लेखकाचे नाव नसते, आवृत्ती नसते, प्रस्तावना नसते. वाचक मात्र कोणत्याही मराठी पुस्तकाला हेवा वाटावा इतके असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका मजकुराकडे 'संहिता' म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे.

मी कोणत्या विद्यापीठाशी संलग्न नाही. मुलचेरा परिसरातील भाषाव्यवहार हा माझ्या आवडीचा विषय, आणि त्याचे शिक्षण मला बाजारात, बसथांब्यावर आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांच्या बाकांवर मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातला हा तालुका लहान आणि जंगलाचा. तरी एका बाकावर बसलेल्या चार बायांच्या चार मातृभाषा असू शकतात : गोंडी-माडिया, तेलुगू, बंगाली आणि मराठी. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती या भागात झाल्या, त्यांची आता तिसरी-चौथी पिढी इथे नांदते आहे. या चौघींना एकच पडदा एकाच मराठीत प्रश्न विचारतो. म्हणून पडद्याची रचना कशी असावी हा प्रश्न इथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक उघडा पडतो.

रचनेचे शास्त्र काय सांगते?

या शास्त्राला आज यूएक्स डिझाइन म्हणतात. नाव नवे असले तरी गाभा साधा आहे. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस या दोन संशोधकांनी १९८५ साली तीन सूत्रे मांडली. पहिले, वापरणारा कोण आणि त्याचे काम काय, हे सुरुवातीलाच जाणून घ्या. दुसरे, खऱ्या माणसांना वापरायला देऊन काय घडते ते मोजा. तिसरे, चुका सापडतील तशी रचना बदला आणि पुन्हा तपासा. तीन वर्षांनी डोनाल्ड नॉर्मन यांनी दरवाजे, नळ, चुलीची बटणे अशा रोजच्या वस्तूंवर पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल तर दोष माणसाचा नव्हे, दाराचा, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

सुगम्यता ही याचीच पुढची पायरी. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो, ज्याला वाचायला वेळ लागतो, त्यालाही काम पुरे करता यावे. यासाठी वेबवरील सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक किमान ४.५ : १ असावा, वेळेची मर्यादा शक्य तिथे वाढवून मिळावी, चूक झाली तर ती कोणती हे शब्दांत सांगावे, अशी त्यांतली कलमे मोजता येण्यासारखी आहेत.

आपल्याकडे हे झालेले आहे

हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे असे कुणाला वाटेल. त्यांनी १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवावी. १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता अवघी १८.३३ टक्के होती. निवडणूक आयोगाने मतदाराला अक्षरे शिकवायला घेतले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, तिच्यावर चिन्ह लावले आणि मतदाराने कागद फक्त योग्य पेटीत टाकायचा, असे ठरवले. लिहायचे काही नाही, खूण करायची नाही. बैलजोडी ओळखता आली की पुरे. पुढे पद्धत बदलली, मतदानयंत्र आले, पण चिन्ह राहिले. त्या यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे. निळ्या बटणाशेजारी ब्रेल अंक आहेत, मत नोंदले की यंत्र आवाज करते, आणि सोबतच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते. गूल्ड-लुईस यांची सूत्रे ज्यांनी वाचली नसतील अशाही अधिकाऱ्यांनी ती पाळलेली दिसतात, कारण त्यांच्यापुढे मतदार कोण हे स्पष्ट होते.

त्याच निवडणुकीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. मतदारयादीसाठी अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले. सुकुमार सेन यांच्या आयोगाने अशी नोंद स्वीकारली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. किंमत मोठी होती, त्यावर वादही घालता येईल. पण त्यामागचा आग्रह असा होता की नागरिक म्हणून बाईची ओळख तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी.

संहिता : एक ई-केवायसी

आता आजच्या संहितेकडे येऊ. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही महिन्याला १५०० रुपयांची योजना २०२४ साली सुरू झाली. सप्टेंबर २०२५मध्ये लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी बंधनकारक झाले. आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी, आणि शेवटी काही घोषणा.

पहिला प्रश्न या दुसऱ्या पायरीचा. बाई पात्र आहे की नाही, हे ठरवण्यासाठी घराचे उत्पन्न पाहायचे असेल तर घरातल्या माणसाची माहिती मागणे समजू शकते. पण पडद्याने गृहीत धरले की प्रत्येक बाईला हयात पती किंवा वडील आहेत, त्यांच्याकडे आधारशी जोडलेला मोबाइल आहे आणि तो या क्षणी हाताशी आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, वडील वारलेली अविवाहित यांच्यासाठी त्या रचनेत जागाच नव्हती. टीका झाल्यावर त्यांच्यासाठी कागदपत्रे जोडण्याची वेगळी सोय झाली आणि मुदतही वाढली. सोय झाली हे चांगलेच. पण ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यांची आठवण रचनेला सर्वांत शेवटी झाली, हा दोष तंत्राचा नव्हे, कल्पनाशक्तीचा आहे. १९५१ साली बाईला सांगितले गेले की नवऱ्याचे नव्हे, तुझे नाव सांग. चौऱ्याहत्तर वर्षांनी पडदा म्हणाला, तुझा क्रमांक पुरेसा नाही, त्याचा दे.

दुसरा प्रश्न शुद्ध भाषेचा आहे, आणि साहित्याच्या वाचकांनी तिथे थांबावे. घोषणेचे वाक्य नकारार्थी होते : कुटुंबातील कोणी सदस्य सरकारी नोकरीत नाहीत, अशा अर्थाचे. त्याखाली पर्याय दोन, 'होय' आणि 'नाही'. कोणी नोकरीत नसेल तर बाईने काय निवडावे?

तर्कशास्त्राचे उत्तर 'होय'. म्हणजे 'होय, हे विधान खरे आहे'. मराठीचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. 'काल बाजारात आली नाहीस?' याला आपण 'नाही, ताप होता' म्हणतो. इथे 'नाही' हा विरोध नसून होकार आहे. 'हो, नाही आले' असेही म्हणतो. बोलताना दोन्ही चालते, कारण पुढचे चार शब्द अर्थ नक्की करतात. बटणाला ते पुढचे चार शब्द नसतात.

याहून खोल अडचण व्याकरणाची आहे. मराठीत 'नाही' हा केवळ नकाराचा उद्गार नाही. ते क्रियापदही आहे. 'घरी कोणी नाही' यात पूर्ण वाक्य त्याच्यावर उभे असते. त्यामुळे वाक्य 'नाहीत'वर संपले आणि खाली 'नाही' असे बटण दिसले की वाचणारीला ते वाक्याचेच शेपूट वाटते : नोकरीत कोणी नाही, म्हणून 'नाही'. ती खरेच सांगते आहे, आणि नोंद मात्र उलटी होते. बंगाली बोलणारी 'ना' म्हणेल, तेलुगू बोलणारी 'लेदु' म्हणेल. दोघींच्या मनात अर्थ 'कोणी नाही' हाच. अनेक स्त्रियांची नोंद अशी उलटी झाली आणि पुढे शासनाला अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी लागली. जे काम एका होकारार्थी प्रश्नाने झाले असते, त्यासाठी गावोगावच्या सेविकांची पावले झिजली.

अक्षर, पडदा आणि न्यायालय

भाषेनंतर अक्षर. देवनागरीत अर्थाचा मोठा भार काना, वेलांटी, अनुस्वार, रफार या बारीक अवयवांवर असतो. 'पती' आणि 'पिता' हे दोन शब्द शेजारी ठेवा, अक्षर लहान करा, रंग फिकट राखाडी करा आणि मोबाइल उन्हात धरा. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला फरक सांगता येईल का? रोमन लिपीवर बेतलेला अक्षरांचा आकार देवनागरीला तसाच लावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. हे ओळखणारी माणसे आपल्यातच होती. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फॉण्ट संगणकाच्या पडद्यासाठीच घडवला. युनिकोडमुळे अंध वाचकाचे वाचनयंत्र मराठी मजकूर बोलून दाखवू शकते. पण सूचना छायाचित्राच्या रूपात चढवली की तेच यंत्र मुके होते.

कायदा या बाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसीत पापणी मिटवून दाखवण्याची अट कशी बाहेर ठेवते हे पाहून, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१खालील जीवनाच्या हक्काचा भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. ग्रामीण, वृद्ध, गरीब आणि भाषिक अल्पसंख्य यांचा उल्लेखही त्या निकालात आहे. हे वर्णन आमच्या बाकाला नेमके लागू पडते.

पडद्यापुढचा माणूस

यावर एक वजनदार आक्षेप आहे. बाई स्वतः पडदा वाचतच नाही; केंद्रातला मुलगा वाचतो. मग पडदा कसा का असेना? मी पाहिलेल्या केंद्रांत हे खरे आहे. तो मुलगा एकीशी बंगालीत, दुसरीशी तेलुगूत बोलतो, गोंडीचे कामापुरते शब्द वापरतो. अर्जातले वाक्य तो कधीच वाचून दाखवत नाही. 'घरी कोणी सरकारी नोकरीत आहे का?' असे सरळ विचारतो आणि उत्तर मनात उलटवून बटण दाबतो. बोट तेंदूपत्ता खुडून झिजलेले असेल तर अंगठा पुसून पुन्हा लावायला सांगतो. रेंज गेली तर 'थांबा मावशी, येईल' म्हणतो. म्हणजे संपादन, भाषांतर आणि रचना, तिन्ही तो करतो. पडद्याची सुगम्यता तोच आहे, आणि आकडेवारीत 'यशस्वी अर्ज' म्हणून जे दिसते त्यात त्याचा घाम असतो.

पण यातच धोका आहे. मतदानाच्या नियमांत अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेण्याची मुभा आहे. त्याला अटी आहेत. सोबती अठरा वर्षांचा हवा, एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते आणि गुप्तता पाळण्याचे लेखी द्यावे लागते. इथला सोबती दिवसात कित्येक बायांचे आधार, ओटीपी आणि घोषणा हाताळतो. घोषणा तिच्या नावावर, शब्द शासनाचा, बोट त्याचे. चूक निघाली तर जबाब मात्र तिला द्यायचा. मतदाराच्या मदतनिसाबद्दल इतका विचार करणाऱ्या व्यवस्थेने लाभार्थीच्या मदतनिसाबद्दल तसाच विचार केलेला निदान बाकावरून तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप भाषाप्रेमींचा असतो : सोपे करण्याच्या नादात प्रमाण मराठीचे काय होईल? शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून साठच्या दशकातल्या पदनाम कोशापर्यंत राज्यकारभाराची मराठी घडवण्याचे मोठे काम झाले, त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण ते कोश मुख्यतः लिहिणाऱ्यांसाठी होते. 'कोणी नोकरीत आहे का?' हे वाक्य प्रमाण मराठीच आहे. ते फक्त वाचणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे.

काय करता येईल, हे त्यामानाने स्वस्त आहे. अर्ज खुला करण्याआधी तो मुलचेऱ्यासारख्या दोन-चार तालुक्यांत, ग्रामसभेत, मोठ्याने वाचावा आणि ऐकणाऱ्यांकडून उत्तरे घ्यावीत. जिथे उत्तर आणि नोंद जुळणार नाही ते वाक्य बदलावे. बटणावर नुसते 'होय' किंवा 'नाही' नको. 'कोणीही सरकारी नोकरीत नाही' असे पूर्ण वाक्यच लिहावे, म्हणजे दाबणारीला आपण काय म्हटले ते कळेल आणि केंद्रातल्या मुलाला ते तिच्या भाषेत सांगता येईल. अर्ज पाठवण्याआधी तिने दिलेली उत्तरे पडद्याने मोठ्याने वाचून दाखवावीत. आणि पती किंवा पिता विचारायचेच असतील, तर तिसरा पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवावा : 'दोघेही नाहीत'. तिथे 'नाही'चा अर्थ एकच होतो.